वायुदूत आणि कर्जतचे बँकर

आमच्या कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, तेव्हा प्रवासी वडापाव घेण्यात गुंतलेले असतात आणि तिकडे मागच्या टोकाला बँकर इंजिने जोडली जातात. बोरघाटात दर 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. बहुतेक गाड्यांना तो एकट्याच्या बळावर झेपत नाही. घाट संपला की बँकर सुटतात. मला बोलायचे आहे ते विमानांविषयी, पण हे बँकर लक्षात असू द्यावेत.

'वायुदूत' हे नाव आज पन्नाशीच्या पुढच्यांनाच आठवत असेल. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून 26 जानेवारी 1981 रोजी ही छोटी कंपनी काढली. ईशान्येकडची दुर्गम गावे जोडावीत, हा मूळ हेतू. पुढे तिचे जाळे देशभर पसरले. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधलेली 19 आसनी डॉर्नियर विमाने तिच्याकडे होती. प्रत्येक खासदाराला आपल्या गावी वायुदूत हवी असे, आणि 'नाही' म्हणणे सरकारी कंपनीला कुठले जमायला!

छोट्या विमानाचे गणित मात्र अवघड असते. वैमानिक दोन लागतातच. विमानतळावरची माणसे, अग्निशमनाची सोय, देखभाल, हे सगळे प्रवासी 9 असोत की 19, चुकत नाही. इंधन सर्वांत वेगाने जळते ते उड्डाण करून वर चढताना. लांबच्या प्रवासात तो खर्च वाटला जातो. जवळच्या प्रवासात चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. म्हणजे सगळा प्रवास घाटाचाच! तिकीट महाग केले तर माणूस रात्रीची एसटी धरतो. तोटा अखेर सरकारी तिजोरीच्याच माथी.

23 सप्टेंबर 1989 ला पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले. विमानातले अकराही जण गेले. पुढे 1993 मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली आणि 1997 मध्ये ती कायमची मिटली. त्याच काळात खासगी कंपन्या आल्या होत्या. त्यांनी मुंबई-दिल्लीसारखे भरघोस मार्ग धरले, ते साहजिकच होते.

वायुदूतवर 'पांढरा हत्ती' म्हणून पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच पटते. गावांची निवड चुकली, हे खरे. पण आडगावाला विमान द्यायचे तर मागून कुणीतरी ढकलावे लागणार, हे मान्य करायला काय हरकत होती?

'उडान' योजनेत ते मान्य झाले. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून छोट्या मार्गांची तूट भरायची, अशी ही सोय. 27 एप्रिल 2017 ला नांदेड-हैदराबाद विमान याच योजनेत सुरू झाले. परंतु मदतीची मुदत तीन वर्षांची. कर्जतचे बँकर घाटमाथा आल्यावर सुटतात, कॅलेंडर पाहून नव्हे. नांदेडचे ते विमान चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली.

2025 मध्ये आमच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. खालापूर-कर्जतकरांना मोठ्या शहरांची विमाने आता हाकेच्या अंतरावर आली. तिथल्या धावपट्टीच्या वेळांत छोट्या गावांच्या विमानांना किती वाटा मिळतो, तेवढे मी पाहत राहणार आहे.