नक्षीचा सांधा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





कापडावरील नक्षीत आपण फुले पाहतो, वेल पाहतो. पण नक्षीचा खरा कस लागतो तो सांध्यावर. कच्छमधील अजरख छापणारे खत्री कारागीर लाकडी ठसा एकदा उमटवून शेजारी पुन्हा ठेवतात, तेव्हा पहिल्या ठशाची रेघ दुसऱ्याच्या रेघेला बिनचूक मिळावी लागते. हेच हुन्नर आज संगणकावर शिकता येते, आणि ते आपल्या मुलामुलींनी शिकावे, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चित्रसंपादनाचे 'गिंप' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात १२०० बिंदू लांब व तेवढाच रुंद चौरस घ्यावा. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने तो छापल्यावर ४ इंचांचा होतो. मध्यभागी फुले-पाने काढावीत, कडा मोकळ्या ठेवाव्यात. मग 'ऑफसेट' ही आज्ञा देऊन चित्र आडवे ६०० व उभे ६०० बिंदू सरकवावे. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून येतो. पूर्वीचे चारही कोपरे आता मध्यभागी एकत्र येतात. तेथली मोकळी जागा भरावी. नव्या कडांना मात्र हात लावू नये. मग हा तुकडा कितीही वेळा शेजारी मांडा, सांधा दिसणार नाही.

परंतु संगणक सरकवण्याचेच काम करतो. कोठे काय शोभेल, हे नजरेने ठरवायचे असते. आज शब्द लिहिताच चित्र काढून देणारी साधनेही आली आहेत. तरी त्या चित्राचा सांधा चुकला की जुळला, हे ओळखायला नजर तयारच हवी.

ती तयार करण्याचा एक सोपा धडा सांगतो. दोन सारखे चौरस एकाच मध्यबिंदूवर ठेवा व एक ४५ अंशांनी फिरवा. आठ टोकांचा तारा होईल. असे तारे टोकाला टोक लावून रांगांत मांडा. मधल्या जागेत आपोआप चार हातांची चौफुली उमटेल. १३व्या शतकात इराणमधील काशान शहरात अशाच तारे-चौफुल्यांच्या चकाकत्या फरशा बनत. भूमितीचा तास आणि चित्रकलेचा तास येथे एक होतात.

आपल्यातील पुष्कळ घरांत यंत्रमाग, छपाई किंवा शिवणकाम हा पोटाचा धंदा आहे. माग आपला, घाम आपला. नक्षी मात्र दुसऱ्याची! हे बदलायला हवे. २००० सालच्या डिझाईन कायद्यान्वये नव्या, स्वतंत्र नक्षीची नोंदणी करता येते. ती १० वर्षे टिकते व पुढे ५ वर्षे वाढवता येते. मात्र नोंदणीच्या अर्जापूर्वी ती नक्षी जाहीर झालेली नसावी.

पालकांना एक विनंती. हे काम घरी बसूनही जमते, ही सबब सांगून मुलीची शाळा सोडवू नका. माप, कोन आणि सममिती ती शाळेतच शिकणार आहे. त्याविना तिच्या हातून दुसऱ्याच्या नक्षीची नक्कलच होईल.

विद्यार्थी मित्रहो, उद्या बाजारात एखादे ठाण उलगडले जाईल, तेव्हा त्यावरील नक्षी तुमची असावी, हीच माझी दुआ. खुदा हाफिज.