काळ्या मातीतील कर्ब आणि ग्राफीनचे विज्ञान



वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे व रुक्मिणीच्या माहेराचे स्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांचा येथील उत्खननाचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला आणि या भूमीतील प्राचीन वस्तीवर प्रकाश पडला. याच भूमीत आणखी एक धन आहे. ते म्हणजे मातीतील सेंद्रिय कर्ब. या कर्बातून वेगळे करता येणारे ह्यूमिक आम्ल हा आज पदार्थविज्ञानात कुतूहलाचा विषय झाला आहे.

१७८६ साली आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीटवर अल्कलीची क्रिया करून हा गडद पदार्थ प्रथम वेगळा केला. शाळेच्या प्रयोगशाळेतही शिक्षकांच्या देखरेखीखाली तो पाहता येतो. मातीत सौम्य कॉस्टिक सोडा मिसळून गाळल्यास तपकिरी द्राव मिळतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की गडद साका तळाशी बसतो. तेच ह्यूमिक आम्ल. जमिनीत ते याच रूपात असते की या प्रक्रियेतच घडते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

ग्राफीन म्हणजे कर्बाच्या अणूंचा षट्कोनी जाळीचा, एकच अणू जाडीचा पापुद्रा. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी तो ग्रॅफाइटपासून सुटा केला. त्याबद्दल त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यूमिक आम्लाच्या रेणूंतही अशा षट्कोनी कड्यांचे लहान तुकडे असतात व त्यांच्या कडांना ऑक्सिजनयुक्त गट जोडलेले असतात. ऑक्सिजनविरहित भट्टीत ते तापविल्यास बराचसा ऑक्सिजन निघून जातो आणि ग्राफीनसदृश कर्ब उरतो. वीज साठविणारी उपकरणे व जलशुद्धीकरण यांसाठी त्याचा अभ्यास चालू आहे. तथापि ग्राफीनसदृश म्हणजे शुद्ध ग्राफीन नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग यासाठी शेतातील माती खणावी काय? मुळीच नाही. या कामाचा कच्चा माल म्हणजे लिग्नाइट, पीट आणि हवापाण्याने झिजलेला दगडी कोळसा. वर्धा नदी पुढे ज्या यवतमाळ-चंद्रपूरच्या प्रदेशातून वाहते, तेथे कोळशाच्या खाणी आहेत. शेतातील कर्बाचे स्थान मात्र शेतातच आहे.

वऱ्हाडची माती काळी म्हणजे कर्बाने समृद्ध, हा समज बरोबर नाही. काळ्या रंगाची कारणे चिकणमाती व खनिजे यांतही आहेत. माती परीक्षणात ०.५ टक्क्याहून कमी सेंद्रिय कर्ब हे प्रमाण कमी मानले जाते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. अर्धा टक्का धरला तरी तीत ११ टन कर्ब होतो. याउलट १२ टक्के ह्यूमिक आम्लाच्या एक लिटर द्रावात सुमारे १२० ग्रॅम ह्यूमिक आम्ल असते. मुळांच्या वाढीस त्याचे साहाय्य होऊ शकेल. परंतु कमी झालेला कर्ब बाटलीने भरून निघणार नाही. २०२१ पासून अशी उत्पादने जैव-उत्तेजके म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. पंचायत सदस्यांनी शेतकऱ्यांना पक्की पावती घेण्यास व वेष्टनावरील मजकूर वाचण्यास सांगावे.

कर्ब वाढविण्याचे साधन गावातच आहे. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी जाळली जाते. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीने ती शेतात उभी ठेवणे किंवा बांधावर रचणे धोक्याचे, हे खरे. परंतु जाळल्याने तिच्यातील बहुतेक कर्ब हवेत जातो. तीच पऱ्हाटी वेळीच उपटून, बारीक तुकडे करून, शेण व मातीसह कुजविली तर ती खताच्या रूपाने जमिनीस परत मिळते. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत विदर्भातच जन्मली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे तिचे हवेशीर टाके कोणत्याही गावात बांधता येते.

ग्राफीनचे संशोधन प्रयोगशाळा पुढे नेतील. मातीतील कर्ब राखण्याचे काम मात्र शेतकऱ्याचे, शाळेचे व ग्रामपंचायतीचे आहे. येत्या हंगामात पऱ्हाटी न जाळण्याचा ठराव ग्रामसभेत झाला, तर त्या कामाचा प्रारंभ होईल.