वाघाआधी फासा

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी वनाभ्यासकांचं संमेलन भरलं की भाषणात वाघ येणारच. आज तो परराष्ट्र व्यवहाराच्या वाटेने येतो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आसियान-भारत शिखर परिषदेसाठी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड नॉम पेन्हला गेले, त्या वेळी भूपेंद्र यादव यांच्या पर्यावरण खात्याचा कंबोडियाशी वाघांच्या पुनर्वसनाबाबत सामंजस्य करार झाला. कंबोडियाच्या जंगलात कॅमेऱ्याने शेवटचा वाघ टिपला तो २००७ साली, मोंडुलकिरीत. पुढे २०१६ मध्ये तिथले वाघ संपल्यातच जमा झाल्याचं जाहीर झालं. भारतातून चार वाघ कार्डमम पर्वतरांगेत न्यायचे ठरले. २०२४ अखेरची मुदत उलटून गेली. या विलंबाची मला खंत नाही. माझं म्हणणं इतकंच की, आग्नेय आशियाशी बोलताना आपल्या मंत्र्यांनी फाशाचा विषय आधी काढावा आणि वाघाचा शेवटी.

फासा म्हणजे काय, हे इथल्या वनरक्षकांना सांगायला नको. तिकडे मोटारसायकलच्या ब्रेकची जुनी तार वाकवलेल्या रोपट्याला बांधली की काम भागतं. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनामच्या संरक्षित जंगलांत असे सुमारे १ कोटी २३ लाख फासे असावेत, असा अंदाज जागतिक वन्यजीव निधीने २०२० मध्ये मांडला. फाशात आधी हरीण जातं, रानडुक्कर जातं. वाघ त्यानंतर उपाशी राहतो किंवा स्वतःच अडकतो. अशा जंगलात वाघ सोडणं म्हणजे त्याला मरायला पाठवणं. शिवाय हा व्यवहार आपल्यापासून लांबचा नाही. २०२३ मध्ये गुवाहाटीत वाघाचं कातडं आणि हाडं पकडली गेली, तेव्हा धागा गडचिरोलीत निघाला. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्यात शिकाऱ्यांची टोळी सापडली आणि तपास म्यानमारच्या दिशेने गेला. गिऱ्हाईक तिकडे आहे, म्हणून वाघ इकडे मरतो.

यावर चंद्रपूरकर म्हणतील, आमच्याकडे वाघ फार झालेत, जाऊ द्या की चार. ही चीड मी हलकी मानत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. त्या घरांपुढे आकडेवारी मांडण्यात अर्थ नाही. पण चार वाघ हलवल्याने पत्ता तोडणीचा हंगाम सुरक्षित होत नाही. मोकळा झालेला इलाका दुसरा वाघ धरतोच. आणि हलवणंही सोपं नसतं. ताडोबातून सिमलीपालला नेलेली झीनत वाघीण डिसेंबर २०२४ मध्ये ओडिशातून निघाली ती झारखंड ओलांडून बंगालच्या बांकुऱ्यात पोचली, तेव्हा कुठे तिला पकडता आलं. ही आपल्याच देशातली, आपल्याच खात्यांची कथा. ओडिशातल्याच सातकोशियात तर २०१८ मध्ये कान्हाहून आणलेला नर काही महिन्यांतच मेला.

भारतातला बंगाली वाघ कंबोडियातल्या मूळ वाघांच्या उपजातीचाच नव्हे, हा आक्षेप मला तितका भारी वाटत नाही. २०१७ च्या वर्गीकरणात आशिया खंडाच्या मुख्य भूमीवरचे सगळे वाघ एकाच उपजातीत धरले आहेत, आणि त्यावर मतभेद असले तरी जंगल रिकामं ठेवण्याचं ते कारण होत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे: दुसऱ्या सार्वभौम देशाला अटी घालणारे आपण कोण? उत्तर सोपं आहे: आपण वाघ देणारे आहोत, आणि दिलेला वाघ कशाने टिकतो हे आपण अनुभवलं आहे. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघ आणून तो प्रकल्प पुन्हा उभा राहिला, कारण हरणं शाबूत होती आणि गस्त कडक झाली. आग्नेय आशियातही दाखला आहे. थायलंडने हुआई खा खेंगच्या जंगलात एकही परका वाघ न आणता, नुसत्या नियमित गस्तीच्या बळावर आपले वाघ वाढवले. तेव्हा दिल्लीने कंबोडियाकडे आधी फासे किती निघाले, हरणं किती वाढली याचा दरवर्षीचा हिशेब मागावा, हाडांच्या तस्करीबाबत म्यानमार, लाओस, व्हिएतनामशी पोलिसी माहितीची देवाणघेवाण ठरवावी, आणि यासाठी जाणाऱ्या शिष्टमंडळात सचिवांच्या जोडीला बफर क्षेत्रात पायी गस्त घातलेला एखादा वनपालही घ्यावा.