पुस्तकांना वाहतुकीचा परवाना द्या



सकाळपासून गडचांदूरच्या या ग्रंथालय मेळाव्याच्या मंचावरून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली. लोक वाचत नाहीत, मोबाइलनं वाचन मारलं, वाचनसंस्कृती संपली. अध्यक्षपद दिलंत त्याबद्दल आभारी आहे. पण त्या पदाचा पहिला उपयोग मी ही तक्रार नाकारण्यासाठी करणार आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या मुलखाविषयी हे बोललं जातं, तिथं दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, माणसं तिकीट काढून बसतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. याच रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. शब्दासाठी थंडीत रात्र काढणाऱ्या माणसाला शब्दाची गोडी नाही, असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला-मला कुणी दिला? नाटक त्याच्या गावात जातं म्हणून तो नाटक पाहतो. वडशाच्या नाटक मंडळ्या पडदे, दिवे, वाद्यं, कलावंत असं सगळं गाडीत घालून रोज नव्या गावी पोचतात. आमचं पुस्तक मात्र कपाटात बसून वाचकाची वाट पाहतं आणि वाचक आला नाही की आपण वाचकालाच दोष देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे पुस्तकांचा दुष्काळ आहेच, पण त्याहून मोठा दुष्काळ पुस्तकांच्या हालचालीचा आहे. या दोन जिल्ह्यांतली ग्रंथालयं एकमेकांना पुस्तक देत नाहीत. राजुऱ्यातलं पुस्तक कोरपन्याला जात नाही, ब्रह्मपुरीचं आरमोरीला जात नाही. या शेवटच्या दोन गावांच्या मधे फक्त वैनगंगा आहे. आणि यात दोष एकट्या सरकारचा नाही. या सभागृहात बसलेल्या कार्यकारिणींचाही तो आहे.

आधी अंतराचा विचार करा. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10,72,942. म्हणजे चौरस किलोमीटरमागे पंचाहत्तर माणसंसुद्धा नाहीत. तालुके बारा. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत रस्त्यानं गेलं तर अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात जातं. चंद्रपूर जिल्ह्यात पंधरा तालुके आणि बावीस लाख माणसं. पण इथून जिवतीच्या डोंगरावर चढलात की चंद्रपूर शहर किती लांब आहे ते कळतं. अशा मुलखात ‘गाव तिथे ग्रंथालय’ ही घोषणा ऐकायला चांगली वाटते. ती पुरी झाली तर काय होईल? प्रत्येक गावात तीच शंभर-दीडशे पुस्तकं असतील. ती वाचून संपली की वाचक संपला. तिथल्या मुलीला एकशे एकावं पुस्तक कुठून मिळणार, याचं उत्तर त्या घोषणेत नाही.

आता कायद्याकडे या. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयं मान्यता घेऊन बसली आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्येवर, सभासदांवर, नियतकालिकांवर, उघडं राहण्याच्या वेळेवर. त्यात एक प्रश्न कुठेच नाही: तुमच्या ग्रंथालयातून दुसऱ्या गावाला किती पुस्तकं गेली? पुस्तक बाहेर गेलं तर तपासणीत गुण मिळत नाही. पुस्तक हरवलं तर मात्र ग्रंथपालाच्या खिशातून वसुली होते. मग तो बिचारा काय करेल? कुलूप लावेल. फाटकी, कालबाह्य, कुणी न उघडलेली पुस्तकंही तो काढून टाकत नाही, कारण ती काढली तर संख्या घटते आणि संख्या घटली तर वर्ग जातो. आपली कपाटं अशी भरली आहेत. आपण अहवालासाठी पुस्तकं सांभाळतो.

मी ग्रंथपालाला दोष देत नाही. 2022 पर्यंत ‘ड’ वर्गाला वर्षाचं अनुदान 30,000 रुपये होतं. महिन्याला अडीच हजार. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, झाडलोट आणि माणसाचा पगार. त्या वर्षी साठ टक्के वाढ झाली, म्हणजे महिन्याला चार हजार. या पैशात घर चालवणाऱ्या माणसाला ‘तू पुस्तकचळवळ चालव’ असं सांगणारा कुठलाही मंत्री, कुठलाही अधिकारी, कुठलाही संमेलनाध्यक्ष मला मान्य नाही. 2012 च्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि वर्गबदल कित्येक वर्षं थांबले, त्याचा फटकाही सर्वांत आधी आपल्यासारख्या मागे राहिलेल्या भागाला बसला. जिथे ग्रंथालयं आधीच भरपूर होती, तिथे दार बंद झाल्यानं कुणाचं अडलं नाही.

वसुलीच्या भीतीवर मात्र उपाय आहे आणि तो शोधायला समिती नेमावी लागत नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत लिहिलं आहे की वर्षभरात हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच पुस्तकं हरवली तर ते स्वाभाविक धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. दिल्लीतल्या वातानुकूलित ग्रंथालयाला ही सवलत, आणि पुरात रस्ता तुटणाऱ्या भामरागडच्या ग्रंथपालाला वसुलीची नोटीस? राज्यानं अनुदानित ग्रंथालयांना हा नियम स्पष्ट शब्दांत लागू करावा. लेखी आदेश काढावा आणि तो प्रत्येक तपासनिसाच्या हातात द्यावा.

काही जण म्हणतील, हे स्वप्नरंजन आहे. त्यांनी बडोद्याकडे पाहावं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावलं. बडोदे संस्थानात शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांतांची आणि गावांची ग्रंथालयं अशी साखळी उभी राहिली, आणि जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. पेटी गावात जायची, वाचून व्हायची, परत यायची, दुसरी पेटी निघायची. शंभर वर्षं झाली त्याला. तेव्हा डांबरी रस्ते नव्हते, फोन नव्हता, संगणक नव्हता. 1931 साली तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय फिरलं. आणि आपल्याच राज्यात, आपल्याच काळात, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या पुढाकारानं 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवलं. पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरतात, ठरल्या मुदतीनं बदलतात. त्या पेट्या तुरुंगात गेल्या, दुबईला गेल्या. नाशिकची पेटी दुबईला पोचते आणि चंद्रपूरची एटापल्लीला पोचू शकत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

रस्ता नाही, असं सांगू नका. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे वडशापुरती आहे, मान्य. पण एसटी जाते. एसटीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे जातात, बियाणं जातं, औषधं जातात. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना शासन चार महिन्यांचं रेशनचं धान्य पावसाआधीच पोचवतं. पर्लकोटा नदी चढली तरी त्या गावाला तांदूळ मिळतो, कारण कुणीतरी मे महिन्यातच हिशेब केलेला असतो. त्याच गाडीत पुस्तकांची एक पेटी का जाऊ नये? पावसाळ्याचे ते चार महिने वाचनाचे सर्वांत मोकळे असतात, विशेषतः आश्रमशाळेतल्या मुलांसाठी. आणि आठवडी बाजार? दहा-वीस गावांची माणसं एका दिवशी एका जागी येतात. पेटी उघडायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. ग्रंथालयानं बाजाराच्या दिवशी दार बंद करून सुटी घेण्याची पद्धत जिथे असेल, तिथे ती या आठवड्यापासून मोडा.

पण पेटीच्या आधी एक गोष्ट लागते: कुठे काय आहे, हे माहीत असणं. आज या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्या ग्रंथालयात कुठलं पुस्तक आहे, हे एका जागी सांगणारी संयुक्त तालिका आपल्याजवळ नाही. एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली कित्येक वर्षांपासून आहे. 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. याच दोन जिल्ह्यांसाठी ते निघालं. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत प्रशिक्षित माणसं आहेत, संगणक आहेत. त्यांची दारं गावच्या वाचकाला बंद का? विद्यापीठ जनतेच्या पैशावर उभं आहे. परीक्षेच्या हंगामाबाहेर तिथली पुस्तकं तालुक्याच्या ग्रंथालयामार्फत मिळाली पाहिजेत, ही मागणी मी इथून जाहीरपणे करतो.

देवघेव का हवी, हे स्वस्त कादंबरीच्या उदाहरणानं पटणार नाही. ती कुठेही मिळते. दुर्मीळ पुस्तकाचं उदाहरण घ्या. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला 1959 साली. आज आपण जिथे बसलो आहोत ते गडचांदूर त्याच पट्ट्यातलं. त्या आदिलाबादच्या राजगोंडांवर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं लिहिलेला मोठा ग्रंथ 1948 साली निघाला. सेतुमाधवराव पगडी निजामी राज्यात अधिकारी होते. ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणं त्यांनी लिहिली. माणिकगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या गोंड किंवा कोलाम घरातल्या पदवीधर मुलीला आपल्या आजोबांच्या काळाविषयी वाचायचं असेल, तर हे ग्रंथ तिला कुठे मिळणार? प्रत्येक गावाला त्याची प्रत देता येणार नाही, ते मला कळतं. पण दोन जिल्ह्यांत मिळून एक प्रत असावी आणि ती मागणाऱ्याच्या हातात पडावी, एवढं तरी होऊ शकतं. परदेशातला संशोधक आपल्या लोकांविषयी वाचतो आणि आपले लोक वाचू शकत नाहीत. याची मला चीड येते.

तीच गोष्ट झाडीबोलीच्या पुस्तकांची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी आयुष्य घालून ही बोली छापील पानावर आणली. त्या पुस्तकांच्या आवृत्त्या लहान. संपल्या की संपल्या. गोंडी, माडिया, कोलामीतलं थोडंफार जे छापलं जातं, त्याचंही तेच. मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली बोलणारी घरं आहेत, सिरोंच्यात तेलुगू. मराठी ग्रंथालयानं त्यांना मराठी वाचायला शिकवावं, जरूर. पण त्यांच्या भाषेचं एक कपाट ठेवायला आपलं काय जातं? एका ग्रंथालयाला सगळ्या भाषा परवडत नाहीत. चाळीस ग्रंथालयांनी वाटून घेतल्या तर परवडतात.

पैशाचं म्हणाल, तर कटोरा हातात घेऊन उभं राहायची मला लाज वाटते, कारण हा प्रदेश गरीब नाही. या गावाभोवतीच्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. बल्लारपूरच्या कारखान्यानं कित्येक दशकं आपल्या जंगलातला बांबू कागदात बदलला. त्या कागदाची वह्या-पुस्तकं देशभर झाली. 2015 पासून खाणींच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो आणि शिक्षण हा त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. त्यातून इमारती होतात, फलक लागतात. मला इमारत नको. पेट्यांचं भाडं, दर तालुक्याला एक पगारी माणूस आणि दुर्मीळ पुस्तकांची खरेदी, एवढंच हवं आहे.

गडचिरोलीच्या पोलीस दलानं ‘एक गाव, एक वाचनालय’ या नावानं दुर्गम गावांत वाचनालयं उघडली. त्यांचे मी आभार मानतो. पण ज्या गावात पोलीस पुस्तक घेऊन पोचले, तिथे ग्रंथालय खातं का पोचलं नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आणि भरतीच्या, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपुरतं वाचन मर्यादित होत चाललं आहे, तेही मला खुपतं. आपलीही अनेक ग्रंथालयं आता नुसत्या अभ्यासिका झाल्या आहेत. मुलांना नोकरी हवी, त्यांची खुर्ची-टेबल काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्या टेबलावर एक कवितेचं, एक इतिहासाचं पुस्तक ठेवा, दर महिन्याला बदला.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला सांगायला नको. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना वनखात्यानं सोडला नव्हता. बांबू त्यांचा, पण हलवायचा अधिकार दुसऱ्याचा. ते भांडले आणि 2011 साली परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हे गाव भांडू शकलं, कारण देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट बसत होते. कायदा वाचत होते, त्यावर बोलत होते. आपल्या पुस्तकांची स्थिती परवान्याआधीच्या त्या बांबूसारखी आहे. म्हणून ग्रामसभांनाही माझी विनंती आहे: तेंदू आणि बांबूच्या उत्पन्नातून एक कपाट आणि एक अभ्यासगट चालवा. पेटी आम्ही पाठवू.

आता ठराव. तीन कलमं आहेत, ती नीट ऐका. एक, इथे हजर असलेलं प्रत्येक ग्रंथालय आपल्या पुस्तकांची यादी येत्या जूनपूर्वी संयुक्त तालिकेसाठी देईल. जे देणार नाही त्याचं नाव पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवलं जाईल. दोन, वर्ग ठरवताना ग्रंथालयाबाहेर गेलेल्या पुस्तकांची मोजणी व्हावी आणि हजारामागे पाच पुस्तकांची सूट मिळावी, असं निवेदन ग्रंथालय संचालनालयाला आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना जाईल. तीन, सरकारच्या उत्तराची वाट न पाहता, पावसाआधी, जिवती, भामरागड, कोरची आणि सिरोंचा या चार ठिकाणी आपल्या कपाटांतल्या पुस्तकांची एकेक पेटी निघेल. पुस्तकं कुठली, ते त्या-त्या गावचे वाचक सांगतील.

या तिसऱ्या कलमाला काही कार्यकारिणींचा विरोध आहे, हे मला जेवणाच्या वेळी कानावर आलं. ‘पुस्तकं परत आली नाहीत तर?’ असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी तो इथे, सगळ्यांसमोर मांडावा. माइक मोकळा आहे. मतदान त्यानंतर घेऊ.