गाणं कुणासाठी बांधायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पेटी वाजवणारा माणूस, भाषण करणारा नव्हे. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गेल्या निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस आमच्या गायन पार्टीकडे आला. म्हणाला, "चाल तीच ठेवा, बाबासाहेबांच्या जागी आमच्या साहेबांचं नाव घाला." आमच्यात एक तरुण गीतकार आहे. घरात आई आजारी, पैशाची नड. दोन दिवस तो धड जेवला नाही. शेवटी त्यानं नाही सांगितलं. पण तेव्हापासून म्हणतो, "काका, आता राजकारणावर लिहायचंच नाही. फक्त वंदना आणि जयंतीची गाणी."

त्यानं नकार दिला ते उत्तम केलं. पुढचं मात्र मला पटत नाही.

1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. लोक करमणुकीला यायचे आणि हक्काची भाषा ऐकून घरी जायचे. ते राजकारणच होतं. वामनदादा 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत आल्यावर झाली. त्यांनी बाबासाहेबांवर भरभरून लिहिलं, पण बड्या भांडवलदारांची नावं घेऊन कष्टकऱ्याचा हिस्साही मागितला. ते गाणं आपण लग्नातसुद्धा म्हणतो, आणि ते राजकीय आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही!

अण्णा भाऊंची 'माझी मैना' घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडं राहिलेली बायको. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, आणि त्याच विरहातून ते बेळगाव-कारवारवर येतात. संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यांनी नवरा-बायकोच्या ताटातुटीत बसवली. घोषणेला चाल लावली म्हणजे गाणं होत नाही, हे आमच्या पोरांनी तिथं शिकावं.

या कामाची किंमतही पडते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. बायाबापड्यांनो, गाणारा गेल्यावर आपण रडतो. जिवंत असताना त्याच्या घरी पीठ आहे का, हे कोण विचारतं? आपण पार्टीला सुपारी देताना शंभर रुपयांची घासाघीस करतो आणि उमेदवाराकडं गेला की त्याला विकला गेला म्हणतो.

म्हणून मी समितीकडे एक मागणी ठेवली आहे. विहाराच्या वर्गणीतून दरसाल थोडी रक्कम गाणाऱ्यांच्या अडीअडचणीला बाजूला काढावी. अध्यक्षांनी अजून होकार दिलेला नाही. ते इथंच बसलेत, म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोललो!

त्या मुलाला मी पुनर्विकासात घर हुकलेल्या आपल्या गल्लीतल्या म्हातारीवर लिहायला सांगितलंय. दोन कडवी झालीत, तिसरं अडलंय. आज तो दोनच म्हणेल. पेटी मी धरतो.

जयभीम.