घराची कागदपत्रं आणि घरातली माणसं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



काल रात्री गाण्याच्या भेंड्या झाल्या, सरांच्या नकला झाल्या. आज संयोजकांनी मला विषय दिलाय मृत्युपत्राचा! 'सकाळी सकाळी हे काय अभद्र?' असं मागून कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं. पण आपण सगळे साठी ओलांडलेले आहोत. आता हे बोलायचं नाही, तर कधी बोलायचं?

मी वकील नाही. तेहतीस वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी गृहकर्ज विभागात. लोकांच्या घरांचे कागद तपासून खोट काढणं हेच माझं काम. आणि माझ्या स्वतःच्या वडिलांच्या घराचा कागद मात्र मी कधी पाहिला नव्हता. त्याचीच ही गोष्ट. माझा थोरला भाऊ आपल्याच शाळेचा, आपल्या तीन वर्षं पुढे. तो आज मागच्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच सांगते आहे.

आमचं घर मुलुंडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा २०११ साली गेले. सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं, भाग दाखल्यावर तिचं नाव लागलं, आम्हाला वाटलं झालं काम. बाबांनी मृत्युपत्रही केलं होतं, स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. घर आईला. तो कागद माझ्या कपाटात होता.

वर्षभराने आईचे गुडघे बोलायला लागले. घर विकून तळमजल्यावर छोटं घर घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या बँकेने विचारलं, 'प्रोबेट कुठे आहे?' हाच प्रश्न मी टेबलाच्या अलीकडून शेकडो लोकांना विचारला होता!

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याच्या हद्दीतल्या घरांना तो घ्यावाच लागे. चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलं की ही सक्ती नाही. आमचं घर अलीकडे. त्यात बाबांनी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलाच नव्हता. तो नसेल तर प्रोबेट मिळत नाही, मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' मागावी लागतात. सगळ्या वारसांना नोटीस जाते. भावालाही गेली.

त्याने कॅव्हेट घातलं. का? घराचे हप्ते सात वर्षं त्याच्या पगारातून गेले होते आणि मृत्युपत्रात त्याचा साधा उल्लेखही नव्हता. कागद निघाला बहिणीच्या कपाटातून, आणि तेही वर्षभराने. आज विचार करते, त्याच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. हरकत आली की अर्जाचा दावा होतो. साक्षीदार उभा करावा लागतो. आमचा एक साक्षीदार वारला होता, दुसरा कोकणात गावी जाऊन राहिलेला. त्याला शोधण्यात एक पावसाळा गेला.

आई २०१५ साली गेली, तिसऱ्या मजल्यावरच. शेवटचे आठ महिने ती जिना उतरली नाही. दाव्याची तारीख पुढच्या महिन्याची होती. २०१७ साली आम्ही दोघांनी आपसात मिटवलं. जे मिटवलं ते एका रविवारी चहा पिता पिता मिटलं असतं, बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून चार वाक्यं सांगितली असती तर.

म्हणून आता कामाचं सांगते. लिहून घ्या, बाई तपासणार आहेत!

पहिलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याचा. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून एकाच्या मागे आपोआप दुसऱ्याचं होतं, हाही गैरसमज. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.

दुसरं, मृत्युपत्र करा. त्याला स्टँप ड्युटी नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी नोंदणी करा, वाद झाला तर उपयोग होतो. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो आपल्याहून तरुण, आणि ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. एक्झिक्युटर नेमा. डॉक्टरांचा दाखला जोडा. वडिलोपार्जित घरात फक्त आपल्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं आणि २००५ पासून मुलींचाही त्यात मुलांइतकाच हक्क आहे, हे विसरू नका.

तिसरं, घर मृत्युपत्रात येऊच नये असं वाटत असेल, तर हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडांना दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. मोह होण्याइतकं स्वस्त आहे! पण दिलेलं घर सहसा परत येत नाही. 'आमचा सांभाळ करावा' ही अट कागदावर लिहूनच घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मग भक्कम होतो. माझं मत विचाराल तर डोक्यावरचं एकमेव छप्पर जिवंतपणी कुणाला देऊ नये.

चौथं, ताजी गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम २१३ च काढून टाकलं. मुंबईकरांची सक्ती संपली. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. आमचा दावा सक्तीमुळे सुरू झाला, तो लांबला मात्र संशयामुळे. मुलांमध्ये संशय असेल तर कोर्टाची पायरी आजही चुकत नाही. आणि परदेशातून आलेल्या मित्रांनो, तिकडच्या घराची सोय तुम्ही ट्रस्ट करून केली असेल, तर इकडच्या घराचं वेगळं मृत्युपत्र करा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कागद झाला की मुलांना, सुनांना, जावयांना एकत्र बसवा आणि काय लिहिलंय, का लिहिलंय, ते स्वतःच्या तोंडाने सांगा. कुणी हप्ते भरले असतील, कुणी आजारपण काढलं असेल, त्याचा उल्लेख करा. वाटा कमी मिळाला तरी माणूस सोसतो. आपली आठवणच नाही झाली, हे सोसत नाही.

मी माझं मृत्युपत्र गेल्या दिवाळीत केलं. एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव घातलंय ते सांगू? मागच्या रांगेत बसलेल्या त्या गृहस्थांचं. ते माझ्याहून मोठे आहेत, म्हणून त्यांच्यानंतर भाचीचंही नाव घातलंय. त्याला हे दोन्ही मी आधीच सांगितलंय.