परसातलं खुराडं आणि कायदा

पेण घ्या नाहीतर रोहा, बाजारपेठ मागे पडली की परसात खुराडं दिसतंच. चार गावठी कोंबड्या, एक ऐटबाज कोंबडा. याला परवाना लागतो का? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते ती हजारो पक्ष्यांच्या शेडला, परसातल्या चार कोंबड्यांना नव्हे. तरी पेण किंवा रोहा-अष्टमीच्या हद्दीत राहत असाल, तर नगरपरिषदेत एकदा विचारून घ्या. घाण, माश्या यांचा त्रास साऱ्या आळीला झाला, तर प्रांताधिकारी तो बंद करायचा आदेश काढू शकतात. एकट्या शेजाऱ्याची कुरकुर त्याला पुरत नाही.

खरी जबाबदारी आहे रोगाची. कोंबडी मान वाकडी करून गोल फिरायला लागली, की आजी सांगते, मानमोडी. बहुतेकदा खरंही असतं. पण तुरा जांभळा पडला, तोंड सुजलं, रात्रीतून दोन-तीन कोंबड्या मेल्या, तर तो बर्ड फ्लूही असू शकतो, आणि नुसत्या नजरेने ते ठरत नाही. प्राण्यांच्या साथरोगांवरच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे असा संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या संबंधित अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पुढे पशुवैद्यकीय दवाखाना बघतो. आपल्याकडे होतं उलटं. मलूल कोंबडी आधी कापतात, नाहीतर घाईने विकून टाकतात.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात, परसातलेसुद्धा, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. सरकार भरपाई देतं ती स्वतः मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यात पैसेही बुडतात.

हे रोगाचं झालं. पाय बांधून, उलटी लटकवून कोंबडी नेणं हीसुद्धा प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने क्रूरता ठरू शकते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आज गावठी कोंबडीही मिळायची नाही.

फणसाड अभयारण्याच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी आणखी एक. जंगलातून रानकोंबडीची अंडी आणून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायचा मोह होतो. वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याच्या अंड्यांना हात लावणं हीसुद्धा शिकारच आहे. वनखात्याचा माणूस दारात आला, तर ‘उबवली आमच्याच कोंबडीने’ असं सांगून भागत नाही.